एकवीस दिवसांचं पथ्य

मखमलाबाद, रविवार, २४ एप्रिल २००५

संतोष,

आशीर्वाद घे आणि पुढे वाच. तुझ्याशी बोलणार नाही अशी खंडोबाची शपथ मी घेतली होती, लिहिणार नाही असं म्हणालो नव्हतो. तुझ्या आईने कालपासून कानाशी भुणभुण लावली आहे म्हणून हा कागद. तिला लिहिता येत असतं तर तुझ्या नशिबी माझं अक्षर आलं नसतं.

तुझ्या कंपनीतला कुंदन काल अंबडहून मोटारसायकलवर आला आणि तुझं पत्र, चहाचा डबा देऊन गेला. पोरगा वळणाचा आहे, पाया पडला. त्याने सांगितलं की तू त्या हांगझो गावात साचे तपासतोस आणि खोलीवर एकटा भात शिजवतोस. तुझी आई पदराला डोळे पुसत बसली. मी म्हटलं, भातच शिजवतोय, फासावर नाही गेला.

पत्र तिला वाचून दाखवलं. ही पानं म्हणे धुक्यातल्या डोंगरावरची, बायका उतारावर उभ्या राहून खुडतात, त्याच दिवशी तापल्या कढईत हाताने परततात. त्यांचा पितरांचा सण येण्याआधी खुडलेलं पान सगळ्यात कोवळं. त्या सणाला सगळं गाव डोंगरावर जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवरचं गवत काढतं. तुझी आई म्हणाली, "म्हणजे त्यांची आखाजीच की. आपण घागर भरतो, ते गवत काढतात."

मग तिने चार पानं तळहातावर घेतली. एक शेंडा आणि त्याला धरून दोन पानं. चष्मा लावला, वास घेतला. "अहो, हे नखाने खुडलेलं नाय. नख लागलं असतं तर देठ काळा पडला असता. बोटाच्या पेराने मोडलंय, आपल्या मोगऱ्याच्या कळीवानी." चाळीस वर्षं कळ्या तोडणारी बाई ती, तिला चीनमधल्या बाईची बोटं दिसली. मला नुसतं वाळलेलं गवत दिसत होतं.

आता मुद्द्याचं. तू लिहिलंस, दूध घालायचं नाही, साखर घालायची नाही, पाणी खळखळ उकळायचं नाही, सकाळच्या वेळी घ्यायचा. अरे, मग ह्याला पथ्य नाही म्हणायचं तर काय? तीन वर्षांपूर्वी तूच ना माझ्या काविळीच्या औषधाला पालापाचोळा म्हणालास? आपल्या घरात चार पिढ्या दर रविवारी औषध दिलं जातं, कुणाकडून एक पैसा घेतलेला नाही. पेठचा तो पुंजाराम गेला तेव्हा अंगणात पंधरा माणसं बसलेली असताना तू म्हणालास, "आबा, तुम्ही त्याच्या दवाखान्याच्या बाटल्या बंद केल्या. तुम्ही माणूस मारलात." मी कानाखाली वाजवली ती आजही मला योग्यच वाटते. माझ्या आज्यापासूनचा नियम आहे, एका अंगात दोन औषधं नांदत नाहीत. पुंजारामने चोरून बाटली लावली होती, म्हणून गेला.

आणि आज तूच पान पाठवतोस, पथ्यासकट! सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ आपल्या घराचा आहे बाबा. मला राग आला नाही, उलट बरं वाटलं. आईला आजच्या रविवारपासून सुरू केलं आहे. एकवीस दिवस देणार. मागच्या साली तिचं तोंड वाकडं झालं तेव्हापासून त्या डॉक्टरच्या प्रेशरच्या गोळ्या घेते आहे. गोळी म्हणजे काय औषध आहे का? खडू आहे खडू. बघू तुझ्या पानाला गुण येतो का.

तू लिहिलेलं सगळं तिला वाचून दाखवलं आहे. काळजी नको.

खंडेराव


मखमलाबाद, गुरुवार, ५ मे २००५

संतोष,

आज बारावा दिवस. रोज सकाळी कळ्या तोडून झाल्या की तुझी आई ओट्यावर बसते आणि काचेच्या ग्लासातच चहा मागते. स्टीलच्या पेल्यात दिला तर तोंड फिरवते, कारण पानं दिसत नाहीत. वरून गरम पाणी ओतलं की पानं आधी तरंगतात, मग एकेक करून खाली जाऊन उभी राहतात. ती मला हाक मारते, "अहो, या ना, उभी राहिली बघा!" मोगऱ्याचा वजनकाटा टाकून मला यावं लागतं. मी एक घोट घेऊन बघितला. गाढवाला गुळाची चव काय, मला गवताचं पाणी लागलं. तिला आवडतो.

तब्येत ठीक आहे. डोकं जरा दुखतं, पण ऊन किती आहे इथे. परवा नाकातून थोडं रक्त आलं, मी कांदा हुंगायला दिला, थांबलं. उष्णता बाहेर पडते आहे. औषध लागू पडताना आधी थोडा त्रास होतोच, हे मी शेकडो माणसांत बघितलं आहे.

स्नेहल मनमाडहून माहेरी आली होती, नेहमीसारखी प्रश्नांची सरबत्ती लावून गेली. तिच्या नवऱ्याला रेल्वेत नोकरी लागल्यापासून तिला वाटतं जगाचं टाइमटेबल तिच्याकडेच आहे.

आई सांगते ते तिच्याच शब्दांत लिहितो: "बाळा, चहा लय गोड लागतो, साखर नसून. तू सांगितलं तसंच करते मी, सगळं. एक दिवस पण चुकवलं नाय. तू आखाजीला ये म्हणलं असतं, पण तुला सुट्टी नाय. पुढच्या आखाजीला ये."

झालं. पुढचं मी लिहितो. मनापासून सांगतो, तू पहिल्यांदा काही कामाचं पाठवलंस.

खंडेराव


मखमलाबाद, मंगळवार, २४ मे २००५

संतोष,

काल तेरावं झालं.

स्नेहलने फोनवर तुला सांगितलंच आहे. आखाजीच्या सकाळी गेली, पितरांच्या दिवशी. घागर भरायला बसणार होती, घागर तशीच राहिली. ओसरीवर पडली ती पुन्हा बोलली नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, मेंदूत रक्तस्राव.

तुझा पासपोर्ट व्हिसाच्या कचेरीत अडकला म्हणे. अडकणारच. चुलत्याच्या राजने अग्नी दिला. दहाव्याला आपल्या गंगेवर कावळा शिवेना. दीड तास सगळे उन्हात उभे. कुणी म्हणालं, पोरात जीव अडकलाय. कुणी म्हणालं, नातवंडं बघायची राहिली. मी पुढे होऊन हात जोडून मनात बोललो, तेव्हा शिवला. काय बोललो ते माझं मला माहीत.

आता तुला एक सांगायचं आहे आणि तेवढंच सांगायचं आहे. मी जन्मभर ओरडत आलो की एका अंगात दोन औषधं नांदत नाहीत. तू पत्रात काय लिहिलं होतंस आठवतं? गोळ्या चालू ठेवा, बंद करू नका. चालू ठेवल्या. गोळी आणि तुझं पान तिच्या अंगात एकत्र आलं आणि त्याचं विष झालं. अठरा दिवस माझ्या हाताने तिला ते देत होतो मी, तुझ्या शब्दावर.

अंगणात पंधरा माणसांपुढे मला खुनी म्हणाला होतास. झालं समाधान?

पुन्हा काही पाठवू नकोस.

खंडेराव


मखमलाबाद, सर्वपित्री, ३ ऑक्टोबर २००५

संतोष,

तुझं पत्र श्रावणात आलं. चार ओळी. "आबा, मीच लिहिलं होतं. मला माहीत असायला हवं होतं. तिथे मी नसावं हेच बरं." मी ते वाचलं आणि औषधाच्या खलाच्या पेटीत ठेवलं. उत्तर द्यायला दोन महिने लागले. 

स्नेहल म्हणाली की तू तिथल्या डॉक्टरला विचारलंस. तो म्हणाला, चहाने असं होत नाही, पण माणूस न बघता खात्री कशी देऊ. तू तेवढा "खात्री कशी देऊ" धरून बसलास. अरे, इंजिनियर ना तू? एवढी साधी गोष्ट कळत नाही? चहा पिऊन माणसं मरत असती तर तो अख्खा चीन ओस पडला असता. मी रागाच्या भरात लिहिलं असेल. बायको गेलेला माणूस काय लिहितो याचं त्याला भान असतं का?

एवढं पुरे समजून घे.

औषध देणं मी बंद केलं आहे. गेल्या रविवारी पेठकडची चंद्रभागा म्हणून एक बाई लेकीला घेऊन आली, पोरीचे डोळे हळदीसारखे पिवळे. म्हणाली, "पुंजारामची मी भावजय." मी फाटकातूनच सांगितलं, सिव्हिलला ने. ती हलेना. "तुमच्या हाताला गुण हाय म्हणत्यात." मी तिच्यावर असा ओरडलो की पोरगी रडायला लागली. मग रिक्षा करून दोघींना मी स्वतः सोडून आलो. तिथल्या नर्सने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, कोणी नाही.

आज तुझ्या आईचं पान वाढलं. स्नेहलने भाजी केली, वडे केले. माझ्या मनात आलं, त्या डब्यातला चहा पानावर ठेवावा. डबा हातात घेतला आणि परत ठेवला.

मोगऱ्याचा हंगाम गेला. ती नसल्यामुळे या साली कळ्या मजुरांकडून तोडून घेतल्या. सगळे नख लावतात. बाजारात पोचेपर्यंत देठ काळे.

खंडेराव


मखमलाबाद, रविवार, ९ एप्रिल २००६

संतोष,

हे पत्र बसून वाच. उभ्याने वाचू नकोस.

कुंदन गुरुवारी आला होता. सुट्टीवर आहे. मी त्याला दटावून विचारलं तेव्हा बोलला. म्हणाला, तू तिथेच कायम राहायचं कंपनीला लिहून दिलंस. म्हणाला, त्यांचा तो गवत काढायचा सण तोंडावर आला, तेव्हा तू एकटा कुठल्याशा चहाच्या डोंगरावर गेलास आणि दिवसभर बायकांना पानं खुडताना बघत बसलास. आणि त्याने तुला विचारलं, आईचं वर्षश्राद्ध आखाजीलाच येतं, पहिली घागर आहे, जाणार नाहीस का? तर तू म्हणालास, "ज्या हाताने मारलं त्या हातचं पाणी आई कसं पिईल?"

हे ऐकलं त्याला तीन दिवस झाले.

आता खरं लिहितो. मध्ये थांबलो तर पुन्हा जमणार नाही, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर आलं.

तुझा डबा आला त्या दिवशी मी पत्र वाचत होतो आणि तुझी आई ऐकत होती. शेवटी तू लिहिलं होतंस: "आई, हा नुसता चहा आहे, औषध नाही. तुझ्या गोळ्या एक दिवसही बंद करू नकोस. आबांना सांग, पुंजारामसारखं करू नका." माझे डोळे त्या ओळीवर गेले आणि कानशिलं तापली. तीन वर्षांनी पत्र पाठवतोस आणि त्यातही पुंजाराम! मी ती ओळ वाचली नाही. गाळली.

नुसती गाळून थांबलो असतो तरी तुझी आई वाचली असती. मी तिच्या जागी दुसरी वाचली. कागदावर नजर ठेवून, तुझ्या आवाजात वाचल्यासारखं म्हटलं, "आई, एकवीस दिवस हेच घे, तोवर गोळ्या बंद ठेव." तिने विचारलं, "असं म्हणतो का तो?" मी म्हटलं, "म्हणतो म्हणजे? लिहिलंय." ती म्हणाली, "मग बरोबर असंल. शिकलेला हाय."

गोळ्यांची पाकिटं मी खलाच्या पेटीत टाकून कुलूप लावलं. स्नेहलने नुकतीच आणली होती, तीन पाकिटं, त्यांचं टोकसुद्धा फाडलेलं नव्हतं.

का केलं? सगळा राग होता असं लिहिलं तर सोपं होईल, पण तेही खोटं. मला वाटलं होतं, तुझ्या पानाने ती बरी होईल. मग मी अंगणात पंधराच्या जागी पन्नास माणसं बसवीन आणि सांगीन, बघा, माझ्या पोराच्याही हाताला गुण आहे, चार पिढ्यांचा गुण त्याच्यात उतरला. तू माझ्यासारखाच निघालास हे मला सगळ्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी गोळी मध्ये नको होती. गोळी असती तर गुण गोळीचा म्हणाले असते.

आता शेवटचं. आखाजीच्या आदल्या दिवशी, मंगळवारी सकाळी, ती अर्धी टोपली टाकून बांधावर येऊन बसली. असं तिने जन्मात कधी केलं नव्हतं. डोकं दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "अहो, एक गोळी द्या ना. एकच. डोकं फुटतंय." किल्ली माझ्या करदोड्यालाच होती. मी म्हटलं, "चार दिवस राहिलेत. पोराच्या पानाचा अपमान करतेस?" तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नको मग. त्याला वाईट वाटंल." आणि उठून उरलेल्या कळ्या तोडायला गेली.

त्याला वाईट वाटंल. हे तिचं तुझ्याबद्दलचं शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी ती पडली.

डॉक्टरने विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? मी मान हलवली. स्नेहलने विचारलं, मी मान हलवली. दहाव्याला कावळा शिवेना तेव्हा मी मनात म्हणालो होतो, "नवसाबाई, जा आता. पोराला खरं सांगतो." तेव्हा शिवला. ती माझ्या शब्दावर गेली. आणि मी घरी येऊन तुला काय लिहिलं ते तुझ्यापाशी आहेच. जिवंतपणी एकदा फसवलं होतं, मेल्यावर दुसऱ्यांदा. वर तुझ्या डोक्यावर पाप ठेवून मी अकरा महिने जेवलो, झोपलो, बाजारात फुलांच्या भावासाठी भांडलो.

पुंजारामनेही चोरून बाटली लावली नव्हती. त्याच्या बायकोने रडत सांगितलं होतं मला, की लावू द्या. ते मी तुला तेव्हाही सांगितलं नाही.

स्नेहलला काल सांगितलं.  पिशवी उचलून मनमाडच्या गाडीला गेली. गेटापाशी वळून म्हणाली, "दादाला लिवा. आजच्या आज लिवा." पुन्हा येईल असं वाटत नाही. तिची चूक नाही.

तू मला माफ कर असं लिहिणार नाही. तसं मागण्याचं तोंड माझ्याकडे नाही, आणि तू दिलीस तरी मी ती ठेवू कुठे? मला एकच हवं आहे. तीस तारखेला आखाजी आहे. मारणाऱ्या हातचं पाणी पितराला चालत नाही, हे तू बरोबर बोललास. म्हणून मी घागरीला हात लावणार नाही. तू ये आणि भर. तिने सांगून ठेवलं होतं, पुढच्या आखाजीला ये. मी समोर नको असेन तर तीन दिवस आडगावला तुझ्या चुलत्याकडे जाऊन राहीन, किल्ली शेजारी अक्काबाईकडे असेल. घागर माठाशेजारी पालथी ठेवली आहे, मागच्या आखाजीला तिनेच आणलेली. कोरी आहे.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस, ठेवण्यासारखा तो राहिलेला नाही. म्हणून तुझा डबा तुला परत पाठवतो आहे. आत चहा नाही. उरलेला आज सकाळी मी ग्लासात केला, पानं उभी राहीपर्यंत बघितली, आणि तिच्या मोगऱ्याला घातला. आत तुझं पहिलं पत्र आहे, ती ओळ जिथे आहे तिथे आहे. आणि खलाच्या पेटीतली तिन्ही पाकिटं आहेत. उघडून बघ. एकही गोळी जागची हललेली नाही.

काल पोस्टातून परदेशाचा फॉर्म आणला. खिडकीतली बाई म्हणाली, आत काय आहे ते लिहावं लागतं, खोटं लिहिलंत तर पार्सल अडकतं. आज ओट्यावर बसून फॉर्म भरला. तुझं नाव, तुझा पत्ता, पाठवणारा खंडेराव. वस्तूच्या रकान्यापाशी बराच वेळ पेन धरून बसलो.

मग लिहिलं, औषध.